करड्या फोटोला रंग कुणी दिला?

जुन्या घरांत बैठकीच्या खोलीत, छताजवळ, किंचित पुढे कललेल्या चौकटीत पणजोबा-पणजीचे फोटो लावलेले असत. त्यांतला एखादा खुर्चीवर चढून जवळून पाहिला तर एक गंमत दिसते. चेहरा तपकिरी-करडा, मागचा पडदा करडा, पायाखालची सतरंजीही करडी. पण गालांवर गुलाबी झाक आहे, लुगड्याचा काठ हिरवा आहे, नथीतला खडा लाल आहे आणि पाटल्यांवर पिवळा हात फिरलेला आहे. हा रंगीत फोटो नव्हे. कॅमेऱ्याने टिपला तो केवळ उजेड आणि अंधार. रंग नंतर कुणीतरी कुंचल्याने किंवा कापसाच्या बोळ्याने चढवला. ज्याने तो चढवला त्याने ते लुगडे पाहिले होते का? बहुतेक वेळा नाही.

फोटो रंगवण्याचा हा उद्योग छायाचित्रणाइतकाच जुना आहे. आरंभी तो चित्रकारांचा धंदा होता, पुढे हौशी मंडळींचा छंद झाला. आता तर संगणक एका क्षणात जुना फोटो रंगवून देतो आणि एकोणिसाव्या शतकातल्या थोरामोठ्यांचे 'रंगीत' फोटो शाळेच्या फलकांवर लागू लागले आहेत. विद्यार्थी विचारतात, "सर, हा खरा रंग आहे का?" या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर मूळ फोटोत रंगाची माहिती किती असते, हे आधी समजून घ्यायला हवे.

आरशावरचे गुलाबी गाल

१८३९ साली पॅरिसमध्ये लुई दागेर याची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा द्यायचा, तो आरशासारखा घासायचा, त्यावर आयोडीनची वाफ सोडायची. चांदीच्या पृष्ठभागावर सिल्व्हर आयोडाइडचा पातळ थर बसतो. तो कॅमेऱ्यात प्रकाशाला दाखवायचा आणि मग पाऱ्याच्या वाफेवर धरायचा. जिथे प्रकाश पडला असेल तिथे पारा चिकटतो आणि चित्र उमटते. (पाऱ्याच्या वाफा हुंगत दिवसभर काम करणाऱ्या त्या मंडळींच्या प्रकृतीचा विचार तेव्हा फारसा कुणी केला नाही.)

लोक थक्क झाले आणि लगेच तक्रारही करू लागले. इतके हुबेहूब चित्र, पण प्रेताच्या रंगाचे! तोवर श्रीमंत घरांत हस्तिदंतावर रंगवलेली छोटी व्यक्तिचित्रे असत. त्यांची सवय झालेल्या ग्राहकाला गालावर लाली हवी होती. स्वित्झर्लंडमधल्या योहान बाप्टिस्ट इझेनरिंग या चित्रकाराने १८४० च्या सुमारास डिंक आणि रंगाची पूड वापरून हे पत्रे रंगवायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये रिचर्ड बिअर्ड याने १८४२ मध्ये रंगवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले.

अडचण अशी की पत्र्यावरचे चित्र फुलपाखराच्या पंखावरच्या धुळीइतके नाजूक. बोट लागले की पुसले जाई. फिझो या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने (प्रकाशाचा वेग मोजणारा तो हाच) १८४० मध्ये सोन्याच्या क्षाराचा लेप देऊन चित्र पक्के करण्याची युक्ती काढली. त्यानंतर रंगवणे जरा सुकर झाले. रंगाची कोरडी पूड अतिशय बारीक कुंचल्याने अलगद ठेवायची आणि त्यावर तोंडाने हलकीशी फुंकर घालायची. श्वासातल्या दमटपणाने पूड बसत असे.

निळ्याखेरीज आंधळी काच

फोटो फिकट होते म्हणून रंगवत, एवढेच कारण नव्हते. ते चुकीचेही होते. हा मुद्दा वर्गात नेहमी सुटतो, म्हणून इथे थोडे थांबू.

चांदीचे क्षार सगळ्या प्रकाशाला सारखे बधत नाहीत. लाल प्रकाशाच्या कणाची ऊर्जा कमी, निळ्या-जांभळ्याची आणि अतिनील किरणांची जास्त. शुद्ध सिल्व्हर ब्रोमाइड किंवा आयोडाइडवर परिणाम घडवण्याइतकी ऊर्जा निळ्या टोकाकडच्या कणांपाशीच असते. म्हणूनच डार्करूममध्ये लाल दिवा चालत असे. याचा अर्थ, एकोणिसाव्या शतकातली बहुतेक छायाचित्रे ही जगाची निळ्या चष्म्यातून पाहिलेली छायाचित्रे आहेत. निळे आकाश त्यांत पांढरेफटक येते. समुद्राच्या चित्रात ढगही दिसावेत म्हणून गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकात आकाशाची आणि पाण्याची अशा दोन वेगळ्या निगेटिव्ह जोडून चित्रे छापली. उलट लाल आणि पिवळे पदार्थ निळा प्रकाश गिळतात, त्यामुळे ते काळे पडतात.

आता आपल्याकडचे फोटो आठवा. कपाळावरचे कुंकू काळे ठिक्कर. झेंडूची माळ काळपट. गव्हाळ चेहरा प्रत्यक्षापेक्षा सावळा, कारण आपली त्वचा निळा प्रकाश कमी परावर्तित करते. आणखी एक बारकावा आहे. लाल प्रकाश त्वचेत थोडा आत शिरतो, विखुरतो आणि बाहेर पडतो. त्यामुळे चेहरा मऊ दिसतो. निळा प्रकाश पृष्ठभागावरूनच परततो, म्हणून सुरकुती न् सुरकुती कोरल्यासारखी उमटते. अब्राहम लिंकन यांचा तो सुप्रसिद्ध खडबडीत चेहरा काही अंशी अशा काचांनी घडवलेला आहे.

ही आंधळेपणाची खोड हळूहळू गेली. १८७३ मध्ये हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला आढळले, की काचेवरच्या थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर ती हिरव्या प्रकाशालाही दाद देते. रंगद्रव्य प्रकाश शोषते आणि ती ऊर्जा चांदीच्या क्षाराकडे सोपवते. लाल प्रकाशासह सगळा वर्णपट टिपणाऱ्या काचा इंग्लंडमध्ये १९०६ पासून विकत मिळू लागल्या. म्हणजे १८७० चा, १९०० चा आणि १९४० चा करडा रंग हे तीन वेगळे करडे आहेत. पुढे हे उपयोगी पडणार आहे.

कारखाना आणि छंद

कागदावर फोटो छापता येऊ लागले तसा रंगवण्याचा धंदा वाढला. जपानमध्ये फेलिस बिआटो १८६३ च्या सुमारास योकोहामाला आला. तिथे लाकडी ठशांच्या रंगीत चित्रांची मोठी परंपरा होती. जलरंगांवर हात बसलेले कारागीर आयते मिळाले. त्याच्या आणि पुढे कुसाकाबे किम्बेई याच्या स्टुडिओतून बाहेर पडलेले रंगवलेले फोटो पाश्चात्त्य प्रवासी आठवण म्हणून नेत. जपान कसा दिसतो याची युरोपची कल्पना काही प्रमाणात या कुंचल्यांतून तयार झाली.

आपल्याकडे मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित असलेल्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. पण फोटो रंगवण्याची भारतीय रीत युरोपपेक्षा निराळी पडली. तिकडे रंग पातळ आणि पारदर्शक, खालचा फोटो दिसत राहावा असा. इकडे राजस्थानातल्या दरबारी चित्रकारांनी आपल्या लघुचित्रांचे जाड, अपारदर्शक रंग फोटोवर चढवले. कधी चेहरा तेवढा फोटोतला राहतो. अंगरखा, गालिचा, महिरप, मागची बाग सगळी चित्रकाराची. नाथद्वाऱ्याच्या चित्रांत तर श्रीनाथजींपुढे उभ्या असलेल्या भक्तकुटुंबाचे चेहरे फोटोचे आणि बाकी सारे चित्र हाताचे, असे नमुने आहेत. याला फोटो म्हणायचे की चित्र, हा वाद मला निष्फळ वाटतो. ग्राहकाला दोन्ही हवे होते आणि ते मिळत होते.

अमेरिकेत वॉलेस नटिंग नावाचे एक धर्मोपदेशक होते. मनःस्वास्थ्य ढासळले म्हणून ते सायकलवरून खेड्यापाड्यांत हिंडू लागले आणि फोटो काढू लागले. विश्रांतीचा हा उपाय पुढे मोठा व्यवसाय झाला. फुललेल्या सफरचंदांच्या बागा, ओढ्यावरचे पूल असे त्यांचे फोटो हाताने रंगवून घरोघर विकले गेले. रंगवण्याचे काम त्यांनी नेमलेल्या सुमारे शंभर स्त्रिया करत, आणि चित्राखाली 'वॉलेस नटिंग' अशी सहीदेखील त्याच करत. पॅरिसमध्ये एलिझाबेथ थुइलिए यांच्या कार्यशाळेत दोनशेहून अधिक स्त्रिया जॉर्ज मेलिएसच्या मूकपटांची एकेक चौकट रंगवत. प्रत्येकीकडे एकच रंग. छायाचित्रणाच्या इतिहासात या हातांची नावे जवळजवळ कुठेच नाहीत.

विसाव्या शतकाच्या मध्यास पारदर्शक तैलरंगांच्या छोट्या नळ्यांची पेटी अमेरिकेत हौशी लोकांना घरी मागवता येत असे. कृती सोपी होती. ब्रोमाइड कागदावरचा फोटो आधी गंधकाच्या संयुगाने 'सेपिया' करून घ्यायचा. काळ्या चांदीचे तपकिरी सिल्व्हर सल्फाइड होते आणि कातडीला ऊब येते. मग कापसाच्या बोळ्याने रंग चोळायचा, जास्तीचा पुसून काढायचा. डोळे, ओठ, दागिने यांसाठी काडीला गुंडाळलेला कापूस. आपल्याकडे रंगीत फिल्म महाग होती तोवर गावोगावच्या स्टुडिओत हेच चाले आणि लग्नाचा मोठा फोटो 'कलर करून' घेतला जाई.

हा छंद मन रमवतो हे खरे. चित्रकला येत नाही म्हणणाऱ्यालाही तो जमतो, कारण रेखाटन आधीच झालेले असते. कोरा कागद भीती घालतो, आखलेली जागा भरताना ती भीती नसते. २००५ मध्ये अमेरिकेत ८४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. आधी त्यांच्यात थोडी चिंता निर्माण केली, मग काहींना मंडलाची आकृती, काहींना चौकड्यांची आकृती, तर काहींना कोरा कागद रंगवायला दिला. आकृती रंगवणाऱ्या दोन्ही गटांची चिंता कोऱ्या कागदवाल्यांपेक्षा अधिक उतरली. प्रयोग लहान आहे, सहभागी एकाच प्रकारचे आहेत. त्यावर उपचारपद्धतीचा डोलारा उभारू नये. मात्र रंग भरताना लक्ष गुंतते आणि निर्णय छोटे-छोटे असतात, हा अनुभव कुणीही घेऊ शकतो. आजीच्या फोटोतल्या पातळाला कोणता रंग द्यायचा हा असाच एक छोटा निर्णय. घरात तो कुणाला इजा करत नाही, उलट चार माणसे एकत्र बसून "अगं, ते जांभळं होतं" म्हणत जुन्या गोष्टी काढतात.

खरा रंग पकडण्याची खटपट

कुंचल्याशिवाय रंग टिपता येईल, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवले. आपला डोळा तीनच प्रकारच्या संवेदनांतून सगळे रंग ओळखतो. तेव्हा लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून तीन करडे फोटो घ्यावेत आणि त्याच रंगांच्या प्रकाशात ते पडद्यावर एकमेकांवर पाडावेत. थॉमस सटन याने चौकटीच्या रंगीत फितीचे फोटो काढले आणि प्रयोग साधला. पण वर सांगितल्याप्रमाणे १८६१ च्या काचेला लाल दिसतच नव्हते! मग लाल फोटो आला कसा? याचा उलगडा शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, झाला. फितीतला लाल रंग अतिनील किरणही परावर्तित करत होता आणि सटनच्या लाल द्रवातून ते किरण पार जात होते. मॅक्सवेलचा सिद्धान्त बरोबर होता, प्रयोग मात्र नशिबाने जमला. विज्ञानाच्या इतिहासातली ही माझी आवडती गोष्ट आहे.

नंतर तीच रीत पक्की झाली. सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की या रशियन रसायनतज्ज्ञाने १९०९ ते १९१५ या काळात रशियन साम्राज्यात फिरून प्रत्येक दृश्याचे तीन गाळण्यांतून फोटो घेतले. त्यांच्या १९०२ निगेटिव्ह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ मध्ये विकत घेतल्या. पुढे संगणकाने त्या एकत्र केल्यावर बुखाऱ्याच्या अमिराचा निळा झगा शंभर वर्षांपूर्वीचा वाटेना. फ्रान्समध्ये ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण काचेवर पसरून एकाच फोटोत रंग टिपणाऱ्या काचा बाजारात आणल्या. अशा छायाचित्रांत रंगाची नोंद खरोखरच आहे. ती पुसट झाली असेल, बिघडली असेल, पण ती तिथे आहे. करड्या फोटोत ती मुळात नाही.

तीन आकड्यांचा एक आकडा

संगणकाच्या पडद्यावरचा प्रत्येक बिंदू तीन आकड्यांनी ठरतो: लाल, हिरवा, निळा, प्रत्येक ० ते २५५. रंगीत चित्र करडे करताना साधारणपणे लालाचा ०.३ भाग, हिरव्याचा ०.५९ आणि निळ्याचा ०.११ भाग यांची बेरीज घेतात, कारण डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ भासतो. आता पूर्ण लाल घ्या: २५५ × ०.३ म्हणजे ७६.५. गडद हिरवा घ्या, १३० × ०.५९ म्हणजे ७६.७. आणि लाल ३०, हिरवा ९०, निळा १३० असा मंद निळा घ्या: ९ + ५३.१ + १४.३ म्हणजे ७६.४. लाल, हिरवे आणि निळे अशी तीन लुगडी करड्या फोटोत एकसारखी दिसतील. उलट वाटेने जाता येईल का? एका समीकरणात तीन अज्ञात राशी असतील तर उत्तरे असंख्य, हे नववीचा विद्यार्थीही सांगेल.

मग यंत्र काय करते? ते गणित सोडवत नाही, सवयीने अंदाज बांधते. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी दहा लाखांहून अधिक रंगीत छायाचित्रे करडी करून संगणकाच्या जाळ्याला शिकवले, की अशा पोताशेजारी बहुधा असा रंग असतो. गवत हिरवे, आकाश निळे हे ते लवकर शिकते. कपड्यांची मात्र पंचाईत. सदरा लाल, निळा, हिरवा काहीही असू शकतो. कमीत कमी चूक व्हावी असे सांगितले तर यंत्र सगळ्यांची सरासरी काढते आणि मातकट रंग देते. या संशोधकांनी ती खोड मोडून दुर्मीळ पण भडक रंगांना जास्त वजन दिले. मूळ फोटो आणि यंत्राने रंगवलेला फोटो शेजारी ठेवल्यावर ३२ टक्के वेळा लोकांनी यंत्राचाच खरा मानला. फरक अजिबात ओळखू आला नसता तर हा आकडा ५० असता. चित्र पटण्याजोगे झाले. खरे झाले असे नव्हे. त्यांच्याच उदाहरणांत तोंड मिटलेल्या कुत्र्याच्या हनुवटीखाली यंत्राने गुलाबी जीभ रंगवली होती, कारण शिकताना पाहिलेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांनी जीभ बाहेर काढलेली होती.

जुन्या फोटोंबाबत आणखी एक चूक शिरते. यंत्र शिकते ते आजच्या करड्यावर आणि आपण त्याला देतो १८७० चा निळ्या चष्म्याचा करडा. त्याला सावळा झालेला चेहरा सावळाच वाटतो, लाल शालू काळा वाटतो. २०२१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एका गटाने काचेचा हा गुणधर्म हिशेबात घेणारी पद्धत मांडली. तरीही शालूचा रंग कोणता, याचे उत्तर तिच्याकडेही नाही. ते शोधायला जतन केलेले वस्त्र, पत्र, हिशेबाची वही, समकालीन चित्र असे काही लागते. चांगले रंगकार आजही हे कष्ट घेतात. 'मुघल-ए-आझम' २००४ मध्ये संगणकाने रंगवला गेला तेव्हा मूळ १९६० च्या चित्रपटातले काही भाग रंगीत चित्रित झालेले होते. निदान तेवढा आधार हाताशी होता.

हे सारे केवळ शालूपुरते नाही. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात तुओल स्लेंग तुरुंगात हजारो माणसांना मारण्यापूर्वी त्यांचे फोटो काढले गेले. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांतले काही फोटो रंगवून एका आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर प्रसिद्ध झाले. पाहणाऱ्यांच्या लक्षात आले, की मूळ फोटोत गंभीर असलेले काही चेहरे रंगीत फोटोत हसत होते. कंबोडिया सरकारने आक्षेप घेतला, मृतांच्या नातलगांना धक्का बसला आणि फोटो काढून टाकावे लागले. गालावर लाली देणारा हात ओठांच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचला होता.

वर्गातला एक प्रयोग

शिक्षकांना हे दोन तासिकांत दाखवता येईल. विद्यार्थ्यांना मोबाइलवर एक रंगीत फोटो काढायला सांगा. त्यात कुंकू लावलेला चेहरा, झेंडूचे फूल, हिरवे पान, निळे आकाश आणि एखादी रंगीत ओढणी असावी. चित्रांच्या कोणत्याही मोफत संगणक प्रणालीत त्याचे लाल, हिरवे आणि निळे असे तीन भाग वेगळे करता येतात. फक्त निळा भाग करड्या छटांत पाहा. अतिनील किरण त्यात नसतात, पण १८७० च्या काचेची बऱ्यापैकी कल्पना येते. मग मूळ फोटो नेहमीच्या पद्धतीने करडा करा आणि दोन्ही करडे फोटो रंगवणाऱ्या प्रणालीला द्या. तिने दिलेली दोन उत्तरे आणि खरा फोटो शेजारी लावा. ओढणीचा रंग आधी गटागटांनी ओळखून वहीत लिहायला सांगितले तर मजा वाढते.

घरचे जुने फोटो रंगवायचे असतील तर मूळ प्रतीला हात लावू नये. तिची नक्कल काढून ती रंगवावी, आणि कोणता रंग कुणी सांगितला, कोणता अंदाजाने दिला, हे नकलेच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवावे. शाई वर्षानुवर्षांनी कागदातून पुढच्या बाजूला उमटते.